वाटून घेतलेली माणसे

१९८८ च्या उन्हाळ्यात हाँगकाँगच्या रेडिओवर एक निवेदन पुन्हा पुन्हा लागू लागले. भाषा व्हिएतनामी. शहरातले बहुतेक लोक कँटोनीज बोलणारे. निवेदनातले त्यांना काही कळत नव्हते. पण सुरुवातीचे शब्द इतक्यांदा कानावर पडले की ते पोराटोरांच्या तोंडी बसले : ‘बात दाउ तू नाय’. अर्थ अगदी साधा – आतापासून. पुढचा आशय असा, की हाँगकाँगचे धोरण आता बदलले आहे. यापुढे होडीतून येणाऱ्याला आपण निर्वासित आहोत हे सिद्ध करावे लागेल, आणि जो ते करू शकणार नाही त्याला बेकायदा स्थलांतरित मानून परत पाठवले जाईल. निवेदन होते समुद्रावरच्या होड्यांसाठी. शहराने मात्र त्याची टिंगल केली, आणि त्या शब्दांचे व्हिएतनामी माणसाला चिडवायचे टोपणनाव झाले.

ही ‘आतापासून’ची तारीख होती १६ जून १९८८. त्याआधी किनाऱ्याला लागलेली व्हिएतनामी व्यक्ती आपोआप निर्वासित ठरत असे. त्यानंतर आलेल्याची मुलाखत, छाननी, निकाल. एकाच गावातून निघालेल्या दोन भावांपैकी एकाची होडी पंधरा तारखेला पोचली असेल आणि दुसऱ्याची वारा पडल्यामुळे सतराला, तर सरकारी कागदावर ते दोघे दोन वेगवेगळ्या जातींची माणसे झाले.

तेरा वर्षांपूर्वी, एप्रिल १९७५ मध्ये, याच देशातून माणसे काढून आणायला जगातले सर्वांत श्रीमंत राष्ट्र विमाने आणि जहाजे पाठवत होते. विमानापासून ‘आतापासून’पर्यंतचा हा प्रवास कसा झाला, हे मला समजून घ्यायचे होते.

या विषयाकडे मी आडवाटेने आलो. माझे बालपण चंद्रपूरला गेले. तिथे ‘बंगाली कॅम्प’ नावाची वस्ती आहे, आणि पूर्वीच्या चंद्रपूर जिल्ह्यात, आजच्या गडचिरोलीतल्या चामोर्शी-मुलचेरा भागात, पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची गावेच्या गावे आहेत. पद्मेच्या काठची माणसे वैनगंगेच्या खोऱ्यात कशी आली, या प्रश्नाचा मागोवा घेताना दंडकारण्य प्रकल्पाची कागदपत्रे वाचू लागलो. त्यात १९७८-७९ ही साले वारंवार येत. त्याच सालांत व्हिएतनामच्या होड्यांची बातमी जगभर गाजत होती. दोन्ही ठिकाणी सरकारे एकच काम करत होती, माणसे मोजून वाटायची. मग व्हिएतनामचे वाचन सुरू झाले, ते अनेक वर्षे चालू राहिले.

चार छावण्या

३० एप्रिल १९७५ रोजी सायगॉन पडले. त्या वसंतात अमेरिकेने सुमारे एक लाख तीस हजार माणसे बाहेर काढली. प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर पहिला थांबा; तिथून अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या चार लष्करी तळांवर रवानगी. कॅलिफोर्नियातला कॅम्प पेंडलटन, आर्कान्सॉमधला फोर्ट चॅफी, फ्लोरिडातला एग्लिन हवाई तळ आणि पेनसिल्व्हेनियातला फोर्ट इंडियनटाउन गॅप. २३ मे रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी इंडोचीन निर्वासितांसाठीच्या मदत कायद्यावर सही केली आणि ४५ कोटी ५० लाख डॉलरची तरतूद झाली.

अमेरिकी जनता मात्र अनुकूल नव्हती. देशात मंदी होती, बेकारी वाढलेली होती, आणि हरलेल्या युद्धाची आठवण नकोशी झाली होती. गॅलपच्या पाहणीत निर्वासितांना घेण्याच्या बाजूने ३६ टक्के लोक होते, विरोधात ५४ टक्के. कॅलिफोर्नियाचे तरुण गव्हर्नर जेरी ब्राउन यांनीही विरोध दर्शवला. आमच्याच लोकांना काम नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

या वातावरणात सरकारने जे धोरण आखले त्याचा गाभा एका शब्दात सांगता येतो : विखुरणे. क्यूबातून आलेले लाखो निर्वासित मायामीत एकवटल्याचे उदाहरण ताजे होते. दुसरे मायामी होऊ द्यायचे नाही, कोणत्याही एका राज्यावर भार पडू द्यायचा नाही, असे ठरले. हे काम पाहणाऱ्या आंतरखातेय कृतिदलाच्या प्रमुख ज्युलिया टाफ्ट तेव्हा जेमतेम बत्तीस-तेहतीस वर्षांच्या होत्या. प्रत्यक्ष माणसे वाटून देण्याचे काम नऊ स्वयंसेवी संस्थांकडे गेले. त्यांत चर्चशी निगडित संस्था प्रमुख होत्या. दर माणसामागे संस्थेला ५०० डॉलर मिळत.

छावणीतून बाहेर पडायचे चार मार्ग होते. माणशी चार हजार डॉलर स्वतःजवळ असल्याचे दाखवा. तिसरा एखादा देश गाठा. व्हिएतनामला परत जा. किंवा पुरस्कर्ता मिळवा. बहुतेकांना चौथाच मार्ग खुला होता. पुरस्कर्ता म्हणजे असे कुटुंब किंवा असे चर्च, जे निर्वासितांना घर, अन्न, कपडे पुरवील, काम शोधून देईल, मुलांना शाळेत घालील. ही जबाबदारी नैतिक होती, कायद्याने बांधलेली नव्हती. अनेकांनी ती प्रेमाने निभावली. काहींना स्वस्तात राबणारी माणसे हवी होती.

इथेच पहिली गाठ बसली. व्हिएतनामी घर म्हणजे आजी-आजोबा, काका, आत्या, भाचरे. दहा-पंधरा माणसांचे. आयोवातल्या किंवा नेब्रास्कातल्या एखाद्या छोट्या चर्चला परवडे ते आईबाप आणि दोन-तीन मुले. त्यामुळे छावणीच्या दारातच कुटुंबे फुटली. आजी एका राज्यात, काका दुसऱ्या राज्यात. २० डिसेंबर १९७५ रोजी फोर्ट चॅफी ही शेवटची छावणी रिकामी झाली. आठ महिन्यांच्या आत सव्वा लाखाहून अधिक माणसे देशभर पोचवली गेली. व्यवस्थापनाच्या दृष्टीने हे काम थक्क करणारे होते, आणि ते तसे होते हे नाकारायचे कारण नाही.

पण त्याच वर्षीची आणखी एक घटना या यशाच्या कथेत फारशी येत नाही. ग्वामवरच्या दीड हजारांहून अधिक व्हिएतनामींनी चौथा मार्ग नाकारून परत जायचे ठरवले. यांतले बरेच नौदलातले आणि लष्करातले पुरुष होते. पळापळीत बायकामुले मागे राहिली होती. त्यांनी ग्वामवर निदर्शने केली, उपोषणे केली. अखेर ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने त्यांना ‘व्हिएतनाम थुओंग तिन’ नावाचे जहाज दिले. कप्तान होते नौदल अधिकारी त्रान दिन्ह त्रु. त्यांचीही पत्नी आणि मुले मागेच होती. जहाज व्हिएतनामला पोचले आणि प्रवाशांची रवानगी पुनर्शिक्षण छावण्यांत झाली. त्रु यांनी दहा वर्षांहून अधिक काळ कैदेत काढला. नव्या देशाचे दार उघडे असताना ही माणसे तुरुंगाच्या दिशेने गेली, याचा अर्थ लावताना मी बराच अडखळलो. आता मला वाटते, की सरकार त्यांना ‘कुठे राहाल?’ असे विचारत होते, आणि त्यांच्यापुढे प्रश्न होता ‘कोणासोबत?’ पुढच्या वीस वर्षांच्या धोरणात हे दोन प्रश्न असेच एकमेकांना चुकवत राहिले.

विखुरलेले पुन्हा एकत्र

विखुरण्याचे धोरण किती टिकले? फार तर तीन-चार वर्षे. पुरस्कर्त्याचे आभार मानून, जुनी मोटार विकत घेऊन, कुटुंबे निघाली. कोणी हवामानासाठी, कोणी कामासाठी. बहुतेक जण आपल्या माणसांसाठी. मासेमारी जाणणारे मेक्सिकोच्या आखाताकडे, टेक्सास आणि लुइझियानाच्या किनाऱ्याला गेले. तिथे स्थानिक कोळ्यांशी त्यांचे खटके उडाले, आणि १९८१ मध्ये गॅल्व्हेस्टन उपसागरात कू क्लक्स क्लॅनच्या धाकाविरुद्ध त्यांना न्यायालयात जावे लागले. खटला त्यांनी जिंकला.

सर्वांत मोठा ओघ होता दक्षिण कॅलिफोर्नियाकडे. कॅम्प पेंडलटनपासून फार दूर नसलेल्या ऑरेंज काउंटीत, वेस्टमिन्स्टर नावाच्या उतरती कळा लागलेल्या गावात, जागा स्वस्त होत्या. बोल्सा अव्हेन्यूवर एक किराणा दुकान, मग खानावळ, मग डॉक्टर, मग सोनार. १९७८ मध्ये दो न्गोक येन या पत्रकाराने आपल्या गॅरेजमध्ये ‘न्गुओइ व्हिएत’ हे व्हिएतनामी वृत्तपत्र सुरू केले. पुढे ते अमेरिकेतले सर्वांत मोठे व्हिएतनामी दैनिक झाले. सरकारने ज्या माणसांना पन्नास राज्यांत पेरले होते, त्यांनी कोणाची परवानगी न मागता स्वतःचे पुनर्वसन पुन्हा एकदा केले.

१९८८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी या भागाला ‘लिटल सायगॉन’ म्हणून अधिकृत मान्यता दिली. ज्या एकवटण्याची १९७५ मध्ये भीती वाटली होती, त्याच्या नावाची पाटी आता महामार्गावर लागली. हेच ते ‘आतापासून’चे वर्ष.

जिनिव्हातला सौदा

१९७५ ची लाट ओसरली, पण खरा पूर आला तो १९७८-७९ मध्ये. मार्च १९७८ मध्ये व्हिएतनाम सरकारने दक्षिणेतला खासगी व्यापार बंद केला. सायगॉनच्या चोलोन भागातल्या चिनी वंशाच्या व्यापाऱ्यांच्या दुकानांवर आणि गोदामांवर धाडी पडल्या. चीनशी संबंध बिघडत गेले आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये युद्धच झाले. चिनी वंशाच्या ‘होआ’ लोकांना देश सोडणे भाग पडू लागले; सरकारी अधिकारी सोने मोजून घेऊन होड्यांना वाट देत. उत्तरेतले होआ जमिनीवरून चीनमध्ये गेले. चीनने अडीच लाखांहून अधिक लोकांना घेतले आणि ग्वांगशी, ग्वांगडोंग, युन्नान प्रांतांतल्या सरकारी शेतमळ्यांवर वसवले. एका देशाने एकदम केलेले हे फार मोठे पुनर्वसन. पाश्चात्त्य वृत्तान्तांत त्याला एखाद्या ओळीपलीकडे जागा मिळत नाही.

उरलेल्यांची वाट समुद्राची. नोव्हेंबर १९७८ मध्ये ‘हाय हाँग’ नावाचे जुने मालवाहू जहाज अडीच हजार माणसे घेऊन मलेशियाच्या क्लांग बंदराबाहेर उभे राहिले. मलेशियाने त्यांना उतरू दिले नाही. हे पैसे देऊन आलेले लोक आहेत, निर्वासित नव्हेत, असे सांगितले. मलेशियाच्या पुलाउ बिडाँग या एक चौरस किलोमीटरच्या बेटावर जून १९७९ पर्यंत चाळीस हजारांच्या आसपास माणसे कोंबली गेली होती. त्या एका जूनमध्ये आग्नेय आशियाच्या किनाऱ्यांवर पन्नास हजारांहून अधिक माणसे होड्यांतून आली. महिनाअखेरीस बालीत जमलेल्या आसियानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी यापुढे कोणालाही घेणार नाही असे जाहीर केले. होड्या पुन्हा खोल समुद्रात ओढून सोडल्या जात होत्या. थायलंडच्या आखातात चाच्यांनी उच्छाद मांडला होता. किती माणसे बुडाली याची नोंद कोणत्याच सरकारच्या कोष्टकात नाही. अंदाज लाखांत केले जातात.

अशा वेळी २० आणि २१ जुलै १९७९ रोजी जिनिव्हात परिषद भरली. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कुर्ट वाल्डहाइम यांनी बोलावलेल्या या परिषदेला ६५ सरकारे हजर होती. अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष वॉल्टर माँडेल यांनी १९३८ च्या एव्हियाँ परिषदेची आठवण करून दिली. तिथे जर्मनीतल्या ज्यूंना घ्यायला जवळजवळ कोणीच तयार झाले नव्हते. जिनिव्हात सौदा ठरला तो तीन बाजूंचा. शेजारी देशांनी आलेल्यांना तात्पुरते उतरू द्यायचे. श्रीमंत देशांनी त्यांना कायमचे न्यायचे. आणि व्हिएतनामने बेकायदा निघणाऱ्या होड्या रोखायच्या. पुनर्वसनाच्या जागांची आश्वासने सव्वा लाखावरून दोन लाख साठ हजारांवर गेली. अमेरिकेने महिन्याला सात हजारांचे चौदा हजार आधीच केले होते.

या सौद्याने हजारो जीव वाचले, यात शंका नाही. पण त्याचा पाया आकड्याचा होता. शेजारी देशाची दया श्रीमंत देशाच्या कोट्यावर अवलंबून राहिली. कोटा भरत गेला तोवर दार उघडे राहिले. कोटा आटला की काय होईल, हे कोणी विचारले नाही.

कॅनडा आणि ब्रिटन

हा आकडा कसा भरायचा, याची दोन उत्तरे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

कॅनडाच्या १९७६ च्या नव्या इमिग्रेशन कायद्यात एक तरतूद होती : पाच किंवा अधिक प्रौढ नागरिक, किंवा एखादी नोंदणीकृत संस्था, निर्वासित कुटुंबाची एक वर्षाची जबाबदारी घेऊ शकते. मार्च १९७९ मध्ये मेनोनाइट चर्चच्या संस्थेने सरकारशी असा पहिला मोठा करार केला. जो क्लार्क यांचे सरकार नुकतेच आले होते. परराष्ट्रमंत्री फ्लोरा मॅक्डोनाल्ड आणि इमिग्रेशनमंत्री रॉन अॅटकी यांनी जुलैमध्ये पन्नास हजारांचे लक्ष्य जाहीर केले. आठ हजारांचा शब्द सरकारने आधीच दिला होता. उरलेल्या बेचाळीस हजारांसाठी सूत्र असे, की नागरिक जितक्यांना आणतील तितक्यांना सरकार आणील, एकास एक. अॅटकींच्या हाती त्या सुमारास इर्विंग अबेला आणि हॅरल्ड ट्रोपर या इतिहासकारांचे संशोधन आले होते. नाझी काळात कॅनडाने ज्यूंना दार कसे बंद केले याचा तो पुरावा होता. इतिहासाच्या संशोधनाने मंत्र्याच्या टेबलावर असा परिणाम केल्याची उदाहरणे थोडी. माझ्यासारख्या हौशी संशोधकाला ते वाचून बरे वाटले, हे कबूल करतो.

नागरिकांचा प्रतिसाद सरकारच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. ऑटावाच्या महापौर मॅरियन ड्यूअर यांनी एकट्या शहरासाठी चार हजारांचे लक्ष्य ठेवले. खासगी पुरस्कर्त्यांनी एकवीस हजारांचा वाटा काही महिन्यांतच ओलांडला. आणि मग डिसेंबरमध्ये सरकारने सूत्रातून अंग काढून घेतले : नागरिकांनी जास्त आणले, तर तेवढे सरकारच्या वाट्यातून वजा. चर्चसंस्था संतापल्या. पुढच्या सरकारने एप्रिल १९८० मध्ये दहा हजार वाढवून लक्ष्य साठ हजारांवर नेले. वर्षअखेर साठ हजार माणसे आली, त्यांतली निम्म्याहून अधिक नागरिकांच्या जबाबदारीवर. १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे नान्सेन पदक कॅनडाच्या जनतेला मिळाले. एका संपूर्ण देशाच्या जनतेला ते मिळण्याची ही पहिलीच वेळ.

कॅनडानेही माणसे विखुरलीच. प्रेअरीतल्या खेड्यांत पोचलेली कुटुंबे पुढे टोरांटो, मॉन्ट्रिऑल, व्हँकुव्हरला गेली. फरक असा, की त्या पहिल्या वर्षात त्यांना नावाने ओळखणारी पाच माणसे होती, आणि मागे राहिलेल्या नातेवाइकांसाठी पुढचा अर्ज कोणी भरायचा हे ठाऊक होते. थोड्याच वर्षांत व्हिएतनामी कुटुंबे स्वतः पुरस्कर्ते झाली.

ब्रिटनची गोष्ट वेगळी. मे १९७९ मध्ये मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या. तीस वर्षांनी खुल्या झालेल्या कागदपत्रांतून दिसते, की त्यांना हे लोक नको होते. गोऱ्या नागरिकांना घर मिळत नसताना निर्वासितांना नगरपालिकेची घरे देणे चुकीचे ठरेल आणि दंगे होतील, असे त्यांचे म्हणणे होते. ऑस्ट्रेलियाच्या भागीदारीत इंडोनेशिया किंवा फिलिपिन्सचे एखादे बेट विकत घेऊन सर्वांना तिथे वसवावे, असाही विचार त्यांनी मांडला. परराष्ट्रमंत्री लॉर्ड कॅरिंग्टन आणि गृहमंत्री विल्यम व्हाइटलॉ यांनी आग्रह धरल्यावर हाँगकाँगमधून दहा हजार माणसे घ्यायचे ठरले.

त्यांना वाटायचे कसे? पुन्हा विखुरणे. एका ठिकाणी चार ते दहा कुटुंबे. घरे जिथे रिकामी तिथे. आणि घरे रिकामी असतात ती बहुधा कारखाना बंद पडलेल्या गावात. येणाऱ्यांत उत्तर व्हिएतनाममधले चिनी वंशाचे कोळी आणि कामगार पुष्कळ होते. इंग्रजी जवळजवळ कोणाला येत नव्हते. थोड्याच वर्षांत ही कुटुंबे लंडन, बर्मिंगहॅम, मँचेस्टरकडे सरकली. १९८५ मध्ये संसदेच्या समितीच्या अहवालात विखुरण्याचे धोरण चूक होते असे नोंदले गेले. अमेरिकेचा दहा वर्षांपूर्वीचा अनुभव लेखी उपलब्ध होता. तो कोणी वाचला नसावा, किंवा वाचूनही राजकीय सोयीपुढे त्याचे काही चालले नसावे.

आपल्याकडचे १९७९

भारताचा या प्रश्नाशी संबंध जुना आहे. १९५४ च्या जिनिव्हा करारान्वये व्हिएतनामची फाळणी झाली, तेव्हा देखरेखीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते. सोबत कॅनडा आणि पोलंड. व्हिएतनाममधल्या आयोगाचे पहिले अध्यक्ष मणिलाल जगदीश देसाई. करारात नागरिकांना हवी ती बाजू निवडायला ३०० दिवसांची मुदत होती. आठ-नऊ लाख माणसे, त्यांत कॅथलिक बहुसंख्य, उत्तरेकडून दक्षिणेत गेली. त्यांतली कितीतरी कुटुंबे १९७५ मध्ये दुसऱ्यांदा निर्वासित झाली. १९७९ मध्ये मात्र माणसे नेणाऱ्या प्रमुख देशांत भारत नव्हता. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर आपली सही नव्हती, आजही नाही; आणि हनोईशी आपली मैत्री होती.

पण विखुरण्याचे धोरण आपल्याला परके नव्हते. पूर्व बंगालमधून आलेल्या, मुख्यतः नमोशूद्र समाजातल्या शेतकऱ्यांसाठी १९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प सुरू झाला. पश्चिम बंगालवरचा भार हलका करायचा, म्हणून कोरापुट, कालाहांडी, बस्तरच्या डोंगराळ भागात वसाहती. भाताच्या चिखलात आणि नदीच्या पाण्यात वाढलेला माणूस मुरमाड जमिनीवर आणून बसवला. १९७८ च्या सुरुवातीला हजारो कुटुंबे वसाहती सोडून बंगालकडे निघाली. त्यांतल्या अनेकांनी सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर शाळा, बांध, होड्यांचा कारखाना उभा केला. राज्य सरकारने जानेवारी १९७९ मध्ये बेटाची नाकेबंदी केली आणि मे महिन्यात पोलिसी बळाने ते रिकामे केले. किती माणसे मेली यावर आजही वाद आहे. वेस्टमिन्स्टरला जाणाऱ्या व्हिएतनामी कुटुंबाने आणि मरिचझापीला जाणाऱ्या बंगाली कुटुंबाने एकच गोष्ट केली होती. एकाच्या वाट्याला पुढे महामार्गावरची पाटी आली, दुसऱ्याच्या वाट्याला नाकेबंदी.

दोन याद्या

होड्यांच्या गदारोळात एक शांत मार्ग सुरू झाला होता. ३० मे १९७९ रोजी संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित उच्चायुक्तालय आणि व्हिएतनाम यांच्यात ‘व्यवस्थित प्रस्थान’ कार्यक्रमाचा करार झाला. विमानाने, व्हिसा घेऊन, कायदेशीर जायचे. अमेरिकेसाठी व्यवहार दोन याद्यांचा. व्हिएतनाम ज्यांना सोडायला तयार आहे त्यांची एक यादी; अमेरिका ज्यांना घ्यायला तयार आहे त्यांची दुसरी. सुरुवातीला दोन्ही याद्यांत मोजकीच नावे जुळत. तरीही कार्यक्रम संपेपर्यंत या मार्गाने सहा लाखांहून अधिक माणसे वेगवेगळ्या देशांत गेली. इथे धोरणाने पहिल्यांदा ‘कोणासोबत’ विचारले, कारण नातेवाईक एकत्र आणणे हाच कार्यक्रमाचा मुख्य आधार होता.

पण नाते हे एकदा तिकीट झाले की त्याचा बाजार भरतो. अमेरिकी सैनिकांची व्हिएतनाममध्ये राहिलेली मुले ‘धुळीची मुले’ म्हणून हिणवली जात. डिसेंबर १९८७ च्या कायद्याने या मुलांना आणि त्यांच्या कुटुंबांना अमेरिकेत येण्याची वाट दिली. एका रात्रीत ती ‘सोन्याची मुले’ झाली. ज्यांनी कधी त्यांना ओट्यावर बसू दिले नसते अशी कुटुंबे सोने मोजून त्यांना ‘दत्तक’ घेऊ लागली. सुमारे पंचवीस हजार मुले अशी गेली, तेव्हा बहुतेक विशीच्या आसपासची. सोबत साठ-सत्तर हजार ‘नातेवाईक’. त्यांतले खरे किती, हे अमेरिकेत उतरल्यावर कळले. विमानतळावरून ‘आईबाप’ एका दिशेला गेले, मुलगा दुसऱ्या.

पुनर्शिक्षण छावण्यांत तीन वर्षांहून अधिक काळ काढलेल्यांसाठी १९८९ मध्ये वेगळी योजना झाली. बाप वर्षानुवर्षे कैदेत, त्यामुळे अर्ज मंजूर होईपर्यंत मुले मोठी झालेली. १९९५ मध्ये अमेरिकेने नियम बदलून एकवीस वर्षांवरच्या अविवाहित मुलांना वगळले. मुले ज्या कैदेमुळे मोठी झाली, तीच कैद बापाच्या पात्रतेचा पुरावा होती. पुढच्या वर्षी सिनेटर जॉन मॅकेन यांच्या दुरुस्तीने ही मुले पुन्हा आत घेतली. मॅकेन स्वतः हनोईत साडेपाच वर्षे युद्धकैदी होते.

आतापासून

आता पुन्हा हाँगकाँग. १९७९ च्या सौद्यात हे शहर तात्पुरत्या आश्रयाचे बंदर होते. ऐंशीच्या दशकात कोटे आटत गेले. जुलै १९८२ पासून शहराने बंदिस्त छावण्या सुरू केल्या, म्हणजे काटेरी कुंपणाआडच थांबायचे. तरी होड्या येत राहिल्या आणि १९८८ मध्ये छाननी आली. पुढच्या वर्षी, जून १९८९ मध्ये, जिनिव्हात दुसरी परिषद भरली आणि ‘सर्वंकष कृती आराखडा’ ठरला. आग्नेय आशियातल्या इतर देशांत १४ मार्च १९८९ नंतर आलेल्यांची छाननी. जे निर्वासित ठरतील त्यांना तिसरा देश, उरलेल्यांना व्हिएतनाम. दहा वर्षांपूर्वीच्या सौद्याची ही उलटी बाजू.

बहुसंख्यांचे अर्ज फेटाळले गेले. १२ डिसेंबर १९८९ च्या पहाटे हाँगकाँग सरकारने ५१ जणांना सक्तीने विमानात चढवून हनोईला पाठवले. त्यांत आठ पुरुष, सतरा स्त्रिया आणि सव्वीस मुले होती. जगभर ओरड झाली आणि सक्ती काही काळ थांबली. १९९१ मध्ये व्हिएतनामशी नवा समझोता करून ती पुन्हा सुरू झाली. तोवर कुंपणाआड साठ हजारांच्या घरात माणसे होती. उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे, एकमेकांविरुद्ध युद्ध केलेल्या दोन देशांचे लोक, एकाच आवारात. ३ फेब्रुवारी १९९२ रोजी, व्हिएतनामी नववर्षाच्या पूर्वसंध्येला, शेक काँगच्या छावणीत दोन गटांत मारामारी झाली, झोपडी पेटवली गेली आणि चोवीस माणसे जळून मेली. त्या कुंपणाआड ‘कोणासोबत’ हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

१९९६ मध्ये कृती आराखडा संपला. त्याखाली एक लाखाहून अधिक व्हिएतनामी परत गेले, बहुतेक स्वेच्छेने म्हणून नोंदलेले. एकूण हिशेब मांडला तर १९७५ ते १९९५ या वीस वर्षांत आठ लाखांहून अधिक व्हिएतनामी शेजारी देशांत पोचले, आणि त्यांतल्या साडेसात लाखांहून अधिकांना तिसऱ्या देशात घर मिळाले. हे प्रमाण मोठे आहे. या सरकारांना मी झोडपत बसणार नाही. सीरियाच्या किंवा रोहिंग्यांच्या प्रश्नात जगाने काय केले ते पाहिले, तर १९७९ चे जिनिव्हा उंच वाटू लागते.

तरी वाचन संपवताना मनात राहिले ते एवढेच, की धोरण करणारे ‘किती’ आणि ‘कुठे’ याची उत्तरे देत राहिले आणि निर्वासितांनी ‘कोणासोबत’ याचे उत्तर आपले आपण शोधले. जिथे सरकारने त्यांना ते शोधू दिले, किंवा निदान आड आले नाही, तिथे पुनर्वसन पुरे झाले. जिथे आड आले, तिथे कुंपण लागले, मग ते शेक काँगला असो की मरिचझापीला.

फेब्रुवारी २००० मध्ये हाँगकाँगने उरलेल्या सुमारे चौदाशे व्हिएतनामींना शहरात कायम राहण्याची मुभा दिली. ही कोणत्याच देशाने न घेतलेली माणसे. मेअखेरीस पिलर पॉइंट ही शेवटची छावणी बंद झाली. त्यांना कुठेही पाठवायचे नव्हते, कोणाच्या कोट्यात बसवायचे नव्हते. पहिली होडी आल्याला पंचवीस वर्षे झाली होती. त्यांनी ओळखपत्रासाठी अर्ज भरले आणि ती माणसे शहरात मिसळून गेली.